ज्यानं मागवला, त्यानं आधी घालावा

नमुना तयार झाला होता आणि तो भिकार होता.

अक्कानं तो स्वतःच्या हातानं कापला होता, स्वतः शिवला होता, म्हणून तसं म्हणायचा हक्क तिला एकटीला होता. दुसरं कुणी म्हणालं असतं तर तिनं कातर उगारली असती. गळ्याशी बंद कॉलर, मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत उतरलेला घेर आणि रंग असा की चिखलानंसुद्धा नाक मुरडावं. दुकानाच्या मधोमध पुतळ्यावर तो झगा चढवलेला होता. पुतळ्याला डोकं नव्हतं ते एक बरं, नाहीतर त्यानं मान खाली घातली असती.

झगा नगरपालिकेचा होता. म्हणजे अजून व्हायचा होता. सोमवारच्या सभेत ठराव येणार होता, की लोकांच्या पुढ्यात उभं राहून काम करणाऱ्या बायकांनी खांदे, पोट आणि मांड्या झाकल्या पाहिजेत, आणि त्यासाठी पालिका ठरवेल तोच पोशाख घातला पाहिजे. नाही घातला तर दुकानाला दंड, आणि पुन्हा नाही घातला तर परवाना रद्द. ठराव आणणारा नगरसेवक म्हणजे अक्काचा धाकटा भाऊ बाब्या. बाहेर त्याला लोक साहेब म्हणत, उठून खुर्ची देत. या दुकानात तो बाब्या होता आणि मरेपर्यंत बाब्याच राहणार होता.

आणि ज्या खिडकीवरून हा सगळा गहजब सुरू झाला ती खिडकी अक्काच्या पोरीची. दुकानाच्या बाजूची जुनी अडगळीची खोली अक्कानंच तिला दिली होती. पोरीनं भिंत फोडून रस्त्याच्या बाजूला खिडकी काढली, कॉफीचं यंत्र आणलं, दोन मुली कामाला ठेवल्या आणि त्यांना आखूड चड्ड्या नि नाड्यांची पोलकी दिली. झालं. सकाळी रांग लागायला लागली. रांग लागली की कुणाच्या तरी पोटात दुखायला लागतं. समोरच्या शाळेतल्या बाईंनी अर्ज केला, त्यावर आया-बायांच्या सह्या झाल्या, आणि निवडणूक तोंडावर आलेल्या बाब्याला एकाएकी संस्कृतीची काळजी वाटायला लागली.

अक्काला काय वाटत होतं? खरं सांगायचं तर तिला दोन नवी मशीनं दिसत होती. ठराव झाला तर अख्ख्या शहरातल्या खानावळी, चहाची दुकानं, पेट्रोल पंप, सगळ्यांचे झगे या दुकानात शिवले जाणार होते. मशीनं कुठं ठेवायची ते तिनं ठरवूनही टाकलं होतं. आणि दुसरीकडे तिची पोरगी. चिखली रंगाचा तागा दुकानात आला त्या दिवसापासून ती आईशी बोलली नव्हती. एकच वाक्य बोलली होती, तेही जिन्यावरून: "हा झगा तू विकलास ना, तर मी या घरातून जाईन, आणि खिडकी पण घेऊन जाईन."

खिडकी कशी नेणार हे तिनं सांगितलं नव्हतं. पण ती नेईल, याबद्दल अक्काला शंका नव्हती.

रविवार होता. शटर अर्धं ओढलेलं. दुकानाच्या मागच्या खिडकीशी उजेडात आप्पा बसले होते, अक्काचे वडील. मशीनवर पाय चालत नाहीत आता, पण काजं अजून तेच करत. हल्ली त्यांना कमी ऐकू येई, म्हणजे जे आवडत नाही ते कमी ऐकू येई.

बाब्या आला तो बायकोला घेऊन. तिला घरात सगळेच मामी म्हणत.

"अक्का!" बाब्या पुतळ्याभोवती फिरला. "काय काढलंयस गं! अगदी… शिस्तीत दिसतंय."

"पडदा दिसतोय," मामी म्हणाली.

"तू गप्प बस."

"अहो, मी कौतुकच करतेय. पडदा म्हणून छान आहे. हो की नाही वन्सं?"

"उद्या सभेत हा टेबलावर ठेवणार," बाब्यानं घेराचं कापड चिमटीत धरलं. "नुसतं बोलून लोकांना पटत नाही, दाखवावं लागतं. एकदा पास झाला की बघ अक्का, तुला श्वास घ्यायला फुरसत मिळणार नाही."

"हा घातल्यावर कुणालाच मिळणार नाही," अक्का पुटपुटली. "आणि काय रे, फक्त बायकांनाच? पुरुषांना काही नाही?"

"पुरुषांचं काय दिसतंय?"

"तुझं पोट दिसतंय. बटणांच्या मधून."

आप्पा हसले. हे त्यांना बरोबर ऐकू आलं.

तेवढ्यात शटर धाडकन वर गेलं आणि टिटवी आत आली. ही अक्काची पोरगी. लहानपणापासून इतकी बोलायची की आप्पांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. अंगात पायघोळ पॅन्ट, वर बापाचा जुना ढगळ शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेला. तिच्या मागे तिच्या खिडकीतल्या दोघी. एक उंच, काटकुळी, मान जरा वाकवून चालणारी. तिला सगळे शिडी म्हणत. दुसरी बुटकी, गोल, सदा फुटायच्या बेतात, ती लवंगी. दोघी कामाच्या कपड्यात होत्या आणि बाब्यानं लगेच छताकडे बघायला सुरुवात केली.

"मामा, मान दुखेल," टिटवी म्हणाली. "खाली बघ. मांड्याच आहेत. तुला पण दोन आहेत."

"हे बघ पोरी, माझं तुझ्याशी वैर नाही—"

"परवाना रद्द करणार आणि वैर नाही?"

"अगं शाळा आहे समोर! परवा एक माणूस या शिडीच्या मागे पार तिच्या घरापर्यंत गेला. गेला की नाही गं?"

शिडीनं मान हलवली.

"उद्या काही बरंवाईट झालं तर लोक मला विचारणार. तुला नाही, मला!"

"मग त्या माणसाला धर ना मामा! त्याच्यावर ठराव आण! त्याला घोट्यापर्यंत झगा घाल आणि तोंडावरून पण ओढ!"

इथं अक्काला वाटलं, पोरगी बोलतेय ते खोटं नाही. मांडी मुलीची, नजर पुरुषाची आणि दंड भरायचा मांडीनं. जगात सगळीकडे हाच हिशेब चालतो, आणि तो मांडणारे नेहमी सभागृहात खुर्चीवर बसलेले असतात. पण तिला दोन मशीनंही दिसत होती. ती गप्प बसली. माणूस पोटासाठी किती वेळा गप्प बसतो हे मोजायला गेलं तर आयुष्य संपेल.

"आई, तू काहीच बोलणार नाहीस?" टिटवीनं तिच्याकडे पाहिलं. "शिवलास ना? शिवलासच शेवटी."

"काम आलं, शिवलं. तुझ्या चड्ड्या पण मीच शिवल्या. तेव्हा नाही विचारलंस का शिवल्या म्हणून."

"घातला का?"

हे आप्पा बोलले होते. सुई काजात अडकवून त्यांनी हात मांडीवर ठेवले होते.

"काय आप्पा?" बाब्या मोठ्यानं म्हणाला.

"ओरडू नकोस. नमुना. तू मागवलास ना? घातलास का?"

मग टिटवीच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं की अक्काला तिच्या पाळण्यातल्या दिवसांची आठवण झाली.

कारण या दुकानाचा एक कायदा होता. आप्पा तरुणपणी एका मोठ्या हॉटेलाच्या दारात उभे असायचे. जाड लोकरी कोट, हनुवटीपर्यंत कॉलर, पितळी बटणं, आणि डोक्यावर ऊन. एकदा ऐन उन्हाळ्यात ते पाहुण्यांच्या पायाशी चक्कर येऊन पडले. मॅनेजर धावत आला आणि त्यानं आधी बटणं तपासली. आप्पा उठले, कोट काढला, मॅनेजरच्या हातात दिला आणि म्हणाले, "तासभर घालून उभा राहा." मॅनेजर हसला. आप्पा घरी आले आणि शिवणकामाला लागले. दुकान काढलं तेव्हा पहिल्या दिवसापासून नियम: कामाचे कपडे जो मागवेल, त्यानं नमुना आधी स्वतः घालायचा आणि ज्याच्यासाठी मागवला त्याचं काम तासभर करायचं. नाहीतर पुढचं कापड कापलं जाणार नाही. या नियमापायी हॉटेलमालकांनी ताटं उचलली होती, एका दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी आयाच्या झग्यात जिने पुसले होते. कितीतरी गिऱ्हाइकं शिव्या घालत निघून गेली होती. जी राहिली ती वर्षानुवर्षं राहिली, कारण इथले कपडे घालून माणसाला वाकता येई.

"आप्पा, मी नगरसेवक आहे!"

"डॉक्टर पण डॉक्टर होता."

"आप्पा, बायकांचा झगा आहे तो!"

"मग? बायकांनाच घालायचाय ना तो?"

"अक्का, तू तरी सांग! घरचं काम आहे हे!"

अक्कानं मामीकडे पाहिलं. आतापर्यंत मामी नवऱ्याच्या बाजूनं उभी होती, निदान त्याच्या बाजूला तरी उभी होती. आता ती दोन पावलं सरकून टिटवीशेजारी गेली.

"घाला ना हो," ती गोड आवाजात म्हणाली. "अख्ख्या गावातल्या बायकांना घालायला लावताय, एक तास तुम्ही घातला तर काय झिजेल?"

झिजणार काहीच नव्हतं, उलट जागा कमी पडणार होती. अक्कानं दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून आतलं कापड सोडलं, तरी बाब्याच्या पोटावर घेर ताणला गेलाच. कॉलर लावताना त्याचा चेहरा टोमॅटो झाला. खाली घेरातून त्याचे काळे बूट दिसत होते. लवंगीनं तोंडात रुमाल कोंबला.

"हस, हस," बाब्या म्हणाला. "मी करून दाखवीन. मी गरिबीतून वर आलोय."

"आपण एकाच घरातून आलो बाब्या," अक्का म्हणाली. "चल."

खिडकीची खोली म्हणजे चार पावलं लांब, दोन पावलं रुंद. वर पत्रा. एका भिंतीला कॉफीचं यंत्र, सदा फुसफुसणारं. दुसऱ्या बाजूला दुधाची शेगडी. रस्त्याकडे खिडकी आणि खिडकीखाली फळ्या. दुपारी तिथं हात पत्र्याला लागला तर कातडी चिकटेल. बाब्या आत शिरला आणि खोली भरली. शिडी त्याच्या शेजारी उभी राहून सांगत होती, काय कुठं आहे. बाकी सगळे बाहेर रस्त्यावर, आप्पांची खुर्चीसुद्धा.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. रांग कोपऱ्यापर्यंत गेली.

"ताई, एक कडक," पहिला ट्रकवाला म्हणाला.

"ताई कुणाला म्हणतोस!"

"बरं, मावशी. एक कडक."

बाब्याची बाही दुधात बुडाली. ती पिळायला गेला तर घेर शेगडीला लागला. शिडीनं तो ओढून धरला. तेवढ्यात रांगेतून अर्ज करणाऱ्या शाळेच्या बाईच पुढे आल्या.

"अय्या, साहेब, तुम्ही?"

"बाई, तुम्ही? इथं? तुम्ही तर अर्ज…"

"अर्ज कपड्यांबद्दल आहे. कॉफीबद्दल माझी काही तक्रार नाही. साखर कमी हं."

मामी हसता हसता रस्त्यावर बसलीच. अक्का हसत होती, पण तिची शिंपिणीची नजर कामावर होती. काखेत ओल आली. पाठीवर नकाशा उमटला. कॉलर भिजून काळी झाली. यंत्रातून वाफ सुटली की बाब्या डोळे मिटून घेई, त्याच्या कपाळावरून घाम हनुवटीवर आणि हनुवटीवरून कॉलरमध्ये. आता काढतो की मग काढतो, याची सगळे वाट बघत होते.

पण त्यानं काढला नाही. हट्टी माणूस. अक्कानंच वाढवलेला, म्हणून तिला माहीत होतं. लहानपणी पैज लावून अख्खी मिरची खाल्लेली आणि डोळ्यांतून पाणी येत असताना "गोड आहे" म्हणालेला. तास संपला तेव्हा तो खोलीतून बाहेर आला तो उकडून काढलेल्या बटाट्यासारखा, वाफाळत. आणि हात वर करून म्हणाला, "जमतं! काही होत नाही! लिहून घ्या, जमतं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक कशालाही टाळ्या वाजवतात.

टिटवीचा चेहरा उतरला. अक्काला दोन मशीनं पुन्हा स्पष्ट दिसायला लागली, आणि का कोण जाणे, ती तिला आवडेनात.

"विक्री कशी झाली?" टिटवीनं शिडीला हळूच विचारलं.

"कॉफी रोजच्यापेक्षा जास्त, ताई. बिस्कीट मात्र एकही नाही."

"एकही? अगं रविवारी तर बरणी रिकामी होते."

"हं," शिडी म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

आप्पांनी काठी आपटली. "झालं त्याचं. आता पोरीचा आण."

"माझा कसला?" टिटवी म्हणाली.

"चड्डी आणि पोलकं. तू मागवलंस ना तुझ्या आईकडून? घातलंस कधी? मी तर तुला कायम पायघोळ पॅन्टीत बघतो."

टिटवीनं आईकडे पाहिलं. अक्कानं टेपशी चाळा सुरू केला. पोरीचा नवा धंदा, पोरीची घाई, आईचा जीव. तेव्हा तिनं नियमावर डोळा मिटला होता. आप्पांनी त्या वेळी काही म्हटलं नव्हतं. म्हातारा कधीकधी बोलायला वर्ष लावतो.

"घालते की," टिटवी म्हणाली. "त्यात काय. मी स्वतः निवडलेत ते कपडे. मोकळे आहेत, सुटसुटीत आहेत, उकडत नाही."

"झालं तर मग," बाब्यानं पंख्यासारखा घेर हलवत म्हटलं. "घाल."

ती घालून आली. छान दिसत होती. अक्काला उगाच अभिमान वाटला, कटिंग चांगलं होतं. खिडकीत उभी राहून टिटवीनं पहिले दोन-चार कप झटझट दिले, वाफेकडे ढुंकून बघितलं नाही, आणि मामाला जीभ दाखवली. रांगेत नवी माणसं आली होती. एकजण, कडक इस्त्रीचा शर्ट, म्हणाला, "एक कॉफी. आणि बिस्किटं द्या दोन. खालच्या बरणीतली."

टिटवी वाकली. खालची फळी अगदी जमिनीलगत. बरणीचं झाकण घट्ट. ती उघडताना तिनं सहज मान वर केली आणि थांबली.

त्या माणसाची नजर बिस्किटांवर नव्हती.

ती उभी राहिली. बिस्किटं दिली. त्यानं ती न खाता खिशात टाकली आणि निघून गेला. पुढचा आला. "कॉफी. आणि ते खालचं बिस्कीट." मग आणखी एक. वरच्या फळीवर, डोळ्यांसमोर, तीच बिस्किटं तशाच बरणीत ठेवलेली होती. टिटवीनं त्यांच्याकडे बोट दाखवलं. "ही तीच आहेत. ही घ्या."

"नाही, खालची जास्त कुरकुरीत असतात."

टिटवी वळली. शिडी भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात मांड्यांवर, जणू थंडी वाजतेय. त्या भट्टीत.

"रोज?" टिटवीनं विचारलं.

"रोज, ताई. म्हणून तर बिस्किटं इतकी खपतात."

"आणि मी मूर्ख दर आठवड्याला जास्त मागवतेय! म्हटलं, काय चव आहे! त्या बेकरीवाल्याला सांगून आले, तुमची बिस्किटं शहरात एक नंबर!" टिटवीचा आवाज रस्त्यापर्यंत पोचला. "अगं मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला होतात, इथं काम करायचं तर हेच कपडे."

टिटवीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या उभ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. मग तिनं बरणी उचलली आणि रांगेत उभ्या असलेल्या कुरकुरीतवाल्याच्या हातात अख्खी दिली. "घ्या. सगळी घ्या. इथंच खा, माझ्यासमोर. एक उरलं तरी बघा." तो माणूस एक तोंडात कोंबून पळाला. रांग फुटली, हसू फुटलं, लवंगीनं शिट्टी वाजवली.

आणि या सगळ्या गोंधळात मामी शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही पण रोज सकाळी इथं येता ना? पाहणीला?"

"येतो. माझा प्रभाग आहे."

"आणि दुपारच्या जेवणाला भूक नसते. म्हणता, बिस्किटं खाल्ली."

बाब्याचा घाम आटत आला होता, तो पुन्हा फुटला. "मला बिस्किटं आवडतात!"

"घरी डबा भरलेला आहे."

सगळ्यांनी शिडीकडे पाहिलं. शिडीनं जमिनीकडे पाहिलं. "साहेब खातात हं खरंच," ती म्हणाली. "खिशात नाही टाकत." मग उरलेलंही खरं बोलली. "पण मागतात खालचीच."

मग आप्पा हसले, खदाखदा, खुर्ची हलेपर्यंत, आणि मग कुणाला आवरेना. बाब्या झग्यात उभा होता. पळून जावं तर घेर पायात येत होता.

"मला… मला तसं काही…" तो म्हणाला. मग त्यानं कॉलरचं बटण तोडून काढलं. "च्यायला."

त्या एका शब्दात त्याच्या अख्ख्या ठरावापेक्षा जास्त खरेपणा होता.

सगळे दुकानात परत आले. शटर खाली ओढलं. अक्कानं झगा बाब्याच्या अंगावरून उतरवला, कटिंगच्या टेबलावर पसरला, आणि कातरीचं टोक पहिल्या शिवणीत घातलं.

"अक्का, थांब! उद्या सभा आहे!"

"असू दे." टर्रकन बाही सुटली.

"एवढं मोठं काम आहे! तुलाच मिळणार होतं!"

"मला माहीत आहे काय मिळणार होतं. मशीनं कुठं ठेवायची ते पण ठरलं होतं." दुसरी बाही. "तू त्यांना विचारलं नाहीस आणि झाकायला निघालास. हिनं विचारलं नाही आणि उघडं करायला निघाली. आणि मी शहाणी, दोघांचंही शिवून दिलं. विचारलं मीही नाही." ती शिडीकडे वळली. "तू सांग गं. तुला काय हवंय?"

शिडी गोंधळली. तिला हा प्रश्न कुणी विचारला नसावा. बहुतेक कामाच्या बायकांना कुणी विचारत नाही. "पॅन्ट, मावशी," ती म्हणाली. "पूर्ण. आणि खिसे, खोल. हात मात्र उघडे राहू देत, वाफ असते."

"आणि आखूड चड्डी नको?"

"घरी घालते ना. तिथं कुणी बिस्किटं मागत नाही."

टिटवी स्टुलावर बसली होती, अजून त्याच चड्डीत. "धंदा बसेल, आई," ती हळू म्हणाली. भांडायच्या आवाजात नाही. "रांग कशामुळे लागते ते आता कळलंच की."

"बसला तर बसला. मी नाही आत्ता पालिकेचं काम उसवून ठेवलं?"

"तुझी कॉफी चांगली आहे," मामी म्हणाली. "शाळेच्या बाई अर्ज करून पण प्यायला येतात. आणखी काय हवं तुला?"

टिटवी नाक ओढत हसली. मग उठून आईजवळ आली आणि झग्याचं दुसरं टोक धरलं, उसवायला सोपं जावं म्हणून. तागा आल्यापासून दोघी पहिल्यांदाच एका टेबलाशी उभ्या होत्या.

"सगळे जमलात माझ्याविरुद्ध," बाब्या बनियनवर बसून म्हणाला. "उद्या ठराव मागे घेतला तर लोक हसतील मला."

"अहो, आज अर्ध्या शहरानं तुम्हाला झग्यात पाहिलंय," मामी म्हणाली. "हसायचं काही शिल्लक राहिलंय का?"

बाब्यानं तिच्याकडे रागानं बघायचा प्रयत्न केला. जमला नाही. आधी पोट हललं, मग खांदे. "तो मावशी म्हणाला गं मला," तो म्हणाला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग नाक पुसून, नगरसेवकाच्या आवाजात: "पण मागे नुसता नाही घेणार. बदलून मांडतो. मालकानं कामगारावर कपडा लादायचा नाही. लांब पण नाही, आखूड पण नाही. आणि मुलींच्या मागे फिरणाऱ्याला दंड. पडला तर पडू दे."

"पडेल," आप्पा म्हणाले.

"पडेलच," बाब्या म्हणाला. "पण हा मांडताना मला घाम येणार नाही."

अक्कानं शिडीची मापं घेतली. कंबर, उंची, खिशाची खोली हातानं दाखवून. मग टेप गळ्यात टाकून ती लवंगीकडे वळली. "तू ये. तुझी पण पॅन्टच ना?"

"अजिबात नाही," लवंगी म्हणाली. "मला चड्डीच हवी."

"अगं, आत्ता एवढं रामायण झालं!"

"ते शिडीचं झालं. माझ्याकडे कुणी खालचं बिस्कीट मागितलं ना, मी म्हणते, या आत, तुमच्या हातानं काढा. कुणी येत नाही." तिनं पाय पुढे केला. "मला उकडतं. आणि माझे पाय मला आवडतात. उलट ही जरा लांबच आहे."

"लांब आहे!" मामी किंचाळली.

बाब्यानं तोंड उघडलं. टिटवीनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं मिटलं.

अक्का गुडघ्यावर बसली. तिच्या पिढीला जे पटत नाही ते तिला पटत नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. लपवायची तिला सवय नव्हती. तिनं खडू घेतला. "कुठपर्यंत?"

लवंगीनं दाखवलं.

अक्काचा हात तिथं गेला, थबकला, आणि आपोआप दोन बोटं खाली सरकला. लवंगीनं वाकून अक्काचं मनगट धरलं आणि हात जिथं हवा होता तिथं परत नेऊन ठेवला.

"मेली," अक्का म्हणाली, आणि बरोबर तिथंच खडूची रेघ ओढली.